विषय क्रमांक एक: म्हाळू कायम करणे

आमच्या नगरपंचायतीचं नाव मी लिहिणार नाही. वडवणीच्या अलीकडं की पलीकडं, तेही सांगणार नाही. माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर तिच्या दारासमोर आहे आणि मला ते अजून काही वर्षं चालवायचं आहे. एवढंच सांगतो, की आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आणि तेही येतं ते म्हाळूमुळं.

म्हाळू म्हणजे आमचा चावीवाला. खांद्यावर चार हात लांब लोखंडी चावी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी भोक. ती घेऊन तो गल्लोगल्ली हिंडतो, जमिनीतल्या खड्ड्यात घालून पिळतो, आणि त्या गल्लीचं पाणी सुटतं. असे गावात सत्तेचाळीस व्हॉल्व्ह. ते सगळे दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाहीत. सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा निम्मे व्हॉल्व्ह खाली गेले, पण म्हाळू रस्त्याला कान लावून सांगायचा, इथं हाय. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पाटी बदलली, सरपंचाच्या खुर्चीवर नगराध्यक्ष बसले. म्हाळू रोजंदारीवर होता तो रोजंदारीवरच राहिला. सव्वीस वर्षं.

आणि इथंच त्याच्या संसाराचं दुखणं होतं. भिवराबाईच्या बापानं मुलगी दिली तीच मुळी ‘पोरगा पाणीपुरवठ्यात हाय, दिवाळीपत्तुर कायम होतोय’ या बोलीवर. तशा सव्वीस दिवाळ्या झाल्या. तिच्या दोन्ही बहिणी नेकनूरला दिलेल्या. माहेरी जमल्या की पाणी प्यायच्या आधी विचारायच्या, “अगं, झाले का दाजी कायम?” भिवराबाई हसून म्हणायची, “होतेत की,” आणि घरी आली की भांडी आपटायची. म्हाळूला दुसरं काही नको होतं. बायकोसमोर उभं राहून एकदा ‘झालो बाई’ म्हणायचं होतं, बस्स.

दर महिन्याला सभा असायची. सभेत पाण्याची बोंब ठरलेली, म्हणून म्हाळूला दाराशी उभं करून ठेवायचे. तिथं तो दर महिन्याला एकच गोष्ट ऐकायचा. कार्यालयातले लिपिक संगमेश अप्पा चष्मा पुसून वाचायचे, “विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.” सगळे सदस्य बाकं वाजवायचे. कायम, कायम!

एक दिवस म्हाळू माझ्या दुकानात आला आणि हळूच म्हणाला, “वीरेशशेठ, हा इतिवृत्त कोण हाय?”

“कोण म्हणजे?”

“आष्टीकडचा हाय का? वशिला कुणाचा हाय त्याचा? मी सव्वीस वर्सं झालं उभा हाय, आन् त्याला दर म्हयन्याला कायम करतेत. बरं, एकदा केल्यावर परत कावून करतेत? कामावर तर कदी दिसला न्हाई.”

मी पोट धरून हसलो. मग त्याचं तोंड पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. माझी मला लाज वाटली. तेवढ्यात संगमेश अप्पा कागद घेऊन आलेच. त्यांनी समजावलं, “म्हाळूबा, अरे इतिवृत्त म्हणजे माणूस न्हवं, वही. सभेत जे बोलतेत ते मी तिच्यात लिहितो. पुढच्या सभेत ते वाचून कायम करतेत.”

म्हाळू बराच वेळ जमिनीकडं बघत राहिला, व्हॉल्व्ह शोधताना बघतो तसा. “म्हंजी वहीत असंल ते कायम?”

“कायम.”

“मग मला लिवा की वहीत.”

अप्पा म्हणाले, “सभेत तुझा विषय निघाला तर लिहीन. न निघालेला कसा लिहू?”

तेव्हापासून म्हाळूनं आपला विषय निघावा असा ध्यास घेतला. सभा चालू असताना तो दारातून खोकायचा. अप्पांचं मन मऊ. त्यांनी एकदा खरंच लिहिलं, ‘दाराशी उभा असलेला इसम खोकला.’ तो खोकला पुढच्या महिन्यात एकमतानं कायम झाला. इसम कोण ते लिहायचं राहून गेलं.

आणि मग खरोखरच विषय निघाला. नवी पाणीयोजना हवी असेल तर गावातल्या जलवाहिन्यांचा नकाशा पाठवा, असं जिल्ह्याहून पत्र आलं. नकाशा नव्हताच. तो म्हाळूला विचारून कुणीही करून दिला असता, पण तिथंच घोडं पेंड खात होतं. गावाचा मुख्य व्हॉल्व्ह होता नगराध्यक्ष बबनरावांच्या घराखाली. म्हणजे व्हॉल्व्ह रस्त्यातच होता, घरच वाढत वाढत त्याच्यावर आलं होतं. दर आठव्या दिवशी म्हाळू चप्पल बाहेर काढून बबनरावांच्या देवघरात जायचा, देवांना नमस्कार करायचा, शहाबादी फरशी उचलायचा आणि गावाला पाणी सोडायचा. आणखी एक व्हॉल्व्ह उपाध्यक्षांच्या दुकानाच्या गल्ल्याखाली होता, एक एका सदस्याच्या म्हशीखाली. नकाशा काढला असता तर सगळी घरं रस्त्यात उभी दिसली असती. नाही काढला तर योजना जात होती.

दोन सभा या एका विषयात गेल्या. ताकाला जाऊन भांडं कसं लपवायचं, यावर सतरा सदस्यांनी गांभीर्यानं विचार केला. शेवटी कुणीतरी म्हणालं, “म्हाळूला समदं तोंडपाठ हाय की.”

बबनरावांचा चेहरा उजळला. “म्हाळ्या, सगळे व्हॉल्व्ह सांगता येतेत का बे तुला?”

म्हाळू बबनरावांकडं बघतच नव्हता. तो अप्पांच्या हातातल्या पेनाकडं बघत होता. “येतेत साहेब. पर वहीत लिवून घ्या.”

ठराव झाला. त्याची झेरॉक्स मीच काढली, म्हणून शब्द न् शब्द पाठ आहे. ‘शहरातील जलवाहिन्यांचा नकाशा म्हाळू तात्याबा यांच्या रूपाने उपलब्ध असल्याने सदर इसमास नकाशा समजण्यात यावे. नग एक.’ पुढच्या महिन्यात विषय क्रमांक एक आला, बाकं वाजली, आणि म्हाळू कायम झाला.

पहिला पेढा त्यानं मला दिला. घरी गेल्यावर भिवराबाईनं ठराव दोनदा वाचला. मग विचारलं, “पगार वाढला?”

“न्हाई.”

“रजा?”

“न्हाई.”

“मग झालं काय?”

“कायम झालो बाई.”

तिनं अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा डब्यात ठेवला. नेकनूरला मात्र त्याच संध्याकाळी फोन केला.

कायम होणं सोपं असतं, कायम राहणं अवघड, हे पुढं कळलं. नकाशावर कार्यालयाचा शिक्का लागतो, म्हणून म्हाळूच्या सदऱ्यावर शिक्का मारला. नकाशा अभिलेख कक्षात ठेवावा लागतो, म्हणून तो सकाळी दहाच्या आत व्हॉल्व्ह फिरवून यायचा आणि सहापर्यंत जुन्या फायलींच्या खोलीत स्टुलावर बसायचा. कसर लागू नये म्हणून अप्पा त्याच्या खिशात डांबराच्या गोळ्या टाकायचे. “माझ्या मनात काय न्हाई, म्हाळूबा, नियम हाय,” असं म्हणायचे आणि मान दुसरीकडं करायचे.

जिल्ह्यानं नकाशाच्या तीन प्रती मागितल्या. म्हाळूला घेऊन शिपाई माझ्या दुकानात. आता माणसाची झेरॉक्स मी कशी काढू? शेवटी काचेवर त्याचा उजवा पंजा ठेवला आणि तीन प्रती काढल्या. त्या साक्षांकित होऊन रीतसर गेल्या. मग एक साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, “नकाशाचं प्रमाण काय?” अप्पांनी टेप लावून सांगितलं, पाच फूट तीन इंच. “उत्तर दिशा दाखवलेली आहे का?” म्हाळूनं हात वर करून उत्तरेकडं बोट केलं. साहेबांनी शेरा लिहिला, ‘नकाशा पाहिला. सुवाच्य आहे.’ चहा घेतला आणि गेले.

इथपर्यंत मी हसत होतो. मग म्हाळूची लेक वनमाला, आष्टीला दिलेली, तिला मुलगी झाली. बारशाला जायचं म्हणून म्हाळूनं अर्ज दिला. अर्जावर उत्तर आलं, की कार्यालयीन नकाशा हद्दीबाहेर नेता येत नाही. म्हाळू माझ्या दुकानातल्या बाकावर बसून रडला. नातीला बघायला आजोबा जाऊ शकत नाही, कारण तो कागद आहे! मला एवढा राग आला की समोरची पाटी उपटून फेकावीशी वाटली. मी काही फेकलं नाही. त्या उत्तराचीच झेरॉक्स काढून दिली आणि गप्प बसलो.

भिवराबाई एकटी गेली. बारशाला दोन्ही बहिणी आलेल्या. त्यांनी विचारलं, “दाजी कावून आले न्हाईत?”

“कायम झालेत,” ती म्हणाली, आणि पाळण्याची दोरी ओढायला लागली.

वर्षाभरानं गावात संगणकी नकाशा आला. कुठल्याशा एजन्सीनं आभाळातून फोटो घेऊन केलेला, रंगीत, बबनरावांच्या छातीएवढा. त्यात सगळे पाइप रस्त्यानं सुतासारखे सरळ जात होते. कुणाच्या देवघराखाली काही नव्हतं, गल्ल्याखाली नव्हतं, म्हशीखालीही नव्हतं. सभेनं अभिनंदनाचा ठराव केला. पण एका गावाला दोन नकाशे ठेवता येत नाहीत, म्हणून जुना नकाशा निर्लेखित करायचं ठरलं. म्हणजे दप्तरातून काढून लिलावात विकायचा. सोबत गंजलेली टाकी, पाय मोडलेल्या चार खुर्च्या आणि सायक्लोस्टाइलचं मशीन. भिंतीवर नोटीस लागली, ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे.’

लिलावाला बीडचा एक भंगारवाला आला. आणि ठेवणीतलं लुगडं नेसून भिवराबाई आली. टाकी गेली, खुर्च्या गेल्या. म्हाळूचा नंबर आला तेव्हा भंगारवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दंड दाबून बघितला आणि म्हणाला, “ह्यात लोखंड न्हाई.”

“एकशे एक,” भिवराबाई म्हणाली.

एक वार, दोन वार म्हणताना अप्पा दोनदा थांबले. तीन वार झालं. तिनं पावती घेतली, घडी घातली, पदराला बांधली आणि पुढं निघाली. म्हाळू तिच्या मागं. चावी त्याला नेता आली नाही, ती नगरपंचायतीची होती, दप्तरात तिचा नंबर वेगळा होता. रिकाम्या खांद्यानं चालताना तो एका बाजूला कलत होता. माझ्या दुकानापाशी त्यानं तिला विचारलेलं मी ऐकलं, “पर झालो हुतो न्हवं?” तिनं पदराची गाठ चाचपली आणि पाऊल उचललं.

पाणी सोडायचं काम आता कंत्राटदाराला दिलं होतं; त्याचा बंकट नावाचा माणूस चावी घेऊन नव्या नकाशाप्रमाणं निघाला. पहिल्याच ठिकाणी खोदलं तर गटाराचा चेंबर लागला. दुसऱ्या ठिकाणी टेलिफोनची केबल तुटली. तिसरा व्हॉल्व्ह नकाशाप्रमाणं माझ्या दुकानात, झेरॉक्स मशीनच्या बरोबर खाली होता. मी बंकटला हात जोडून बाहेर काढलं. आठवा दिवस गेला, बारावा गेला. पंधराव्या दिवशी बायका घागरी घेऊन नगरपंचायतीच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. पाणी बबनरावांच्या घरीही नव्हतं आणि देवघरातल्या फरशीखालचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला किती पिळायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सोळाव्या दिवशी बबनराव, काखेत वही मारलेले अप्पा आणि पाच सदस्य म्हाळूच्या घराकडं निघाले. मी शटर ओढून मागोमाग गेलो. भिवराबाई अंगण झाडत होती. म्हाळू ओट्यावर होता, त्याच्या मांडीवर आष्टीहून आलेली नात. नगराध्यक्षांना बघताच तो सवयीनं उठायला लागला.

“बसा तुमी,” भिवराबाई म्हणाली. तो बसला.

बबनरावांनी आवाज गोड केला. “वहिनी, गावाचा घसा कोरडा पडलाय. म्हाळूला धाडा. कंत्राटदाराला सांगतो मी. पुन्हा पहिल्यासारखा रोजंदारीवर लावून घेऊ.”

भिवराबाईनं झाडू खाली ठेवला. पदराची गाठ सोडली, पावती काढली, उलगडली आणि बबनरावांच्या डोळ्यांसमोर धरली. “ही सही तुमचीच हाय न्हवं?”

“हाय.”

“मग ऐका. पाणी सोडाय येतेन ते. लोकांनी काय पाप केलंय? पर म्या सांगंन तवा, आन् नात झोपल्यावर. आन् ते रोजंदारीचं पुन्यांदा काडू नगा. आमच्यात ते कायम हायेत.”

म्हाळूनं नातीच्या टोपड्यात तोंड लपवलं. संगमेश अप्पांनी काखेतली वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि तिचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.