हिरव्या रंगाखालची पेटी

माझ्या भावाला, ओरिन थर्लोला, मी आयुष्यात दोनदा थोबाडीत मारली. एकदा तो सहा वर्षांचा असताना आणि एकदा सदुसष्ट वर्षांचा असताना. पहिलीचं कारण आता आठवत नाही. दुसरीचं सांगते.

आमचे पणजोबा एबेन थर्लो इथल्याच खाडीवर जहाजं बांधायचे. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी घरात तशीच राहिली. मंदीच्या साली आमच्या काकाने ती अंगणात लिलावाला काढली. रंधे एकाला, पटाश्या दुसऱ्याला, वाकस तिसऱ्याला आणि रिकामी पेटी भलत्यालाच. ओरिन तेव्हा पाच वर्षांचा होता. पायरीवर बसून त्याने सगळं पाहिलं, आणि पुढे जन्मभर तेच परत गोळा करत बसला.

आमच्याकडचे जुने सुतार रंधा घेतला की त्याच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, आपल्या नावाचा पोलादी ठसा ठोकायचे. तो माणूस मेला की नवा मालक त्याच्या खाली आपलं नाव ठोकणार. ओरिनला एका डोळ्याने दिसत नाही, बोटींच्या कारखान्यात ढलपी लागली होती, म्हणून गाडी मीच चालवायचे. चाळीस वर्षं. कुठे लिलाव, कुठे कोठारातला पसारा विकायला काढलेला, की आम्ही हजर. हा प्रत्येक रंधा उलटा करून नाक बघणार आणि मी थर्मासमधली गार कॉफी पीत थांबणार. बाकीचे संग्राहक म्हणायचे, "आला थर्लो, नाकं तपासायला." हसू दे मेल्यांना. 'ई. थर्लो' ठशाचे तीस रंधे त्याने असे जमवले.

आता या लोकांचा एक कायदा असतो. जुन्या हत्याराचा मळ काढायचा नाही, रंग खरवडायचा नाही. ओरिनइतका हा कायदा कुणी पाळला नसेल. त्याचा जिवलग मित्र आल्मन, त्याने एका रंध्यावर तारेचा ब्रश फिरवला, तर हा अकरा वर्षं त्याच्याशी बोलला नाही. आल्मनच्या बायकोच्या मयताला गेला आणि तिथेही बोलला नाही. मला इतकी लाज वाटली त्या दिवशी.

तर सात वर्षांपूर्वी आम्ही एका कोठारातून हिरवी पेटी आणली. जाड, गचाळ हिरवा रंग. आत तीन सरकते खण, आणि प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खोबणी कोरलेली. आठ महिने ती आमच्या शेडमध्ये होती. रंध्यांच्या फळीपासून तीन पावलांवर.

मी म्हटलं, "अरे, एक कोपरा खरवडून बघ ना."

"हात लावशील तर याद राख, विनी. शंभर वर्षांचा रंग आहे तो."

"मग निदान आपला एखादा रंधा त्या खोबणीत ठेवून बघ."

"आपल्या पेटीवर नाव कोरलंय, काका सांगायचा. या पेटीवर दिसतंय का कुठे नाव? उगाच काहीतरी."

झालं. त्या वर्षीच्या संग्राहकांच्या मेळाव्यात सगळे गाड्यांच्या डिक्या उघडून अदलाबदल करत होते. तिथे त्याने ती पेटी एका दुकानदाराला दिली आणि बदल्यात एबेनचा एकतिसावा रंधा घेतला. घरी येईपर्यंत तो रंधा मांडीवर घेऊन बसला होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

उन्हाळ्यात शहरातून जे लोक राहायला येतात, त्यांना मी ब्लूबेरी भरलेले गोड 'पाय' भट्टीत भाजून देते. या जुलैत खाडीच्या टोकावरच्या बंगल्यात मिसेस व्हिटलॉक म्हणून बाई आल्या. त्यांची ऑर्डर पोचवायला गेले, तर बैठकीत खिडकीखाली तीच पेटी. रंग सगळा उतरवलेला, आणि समोरच्या फळीवर वीतभर अक्षरांत 'ई. थर्लो', खाली जहाजाचा नांगर.

"रंगाखाली लांबी भरून बुजवलं होतं म्हणे," बाई म्हणाल्या. "गोड आहे ना? कोण होता कोण जाणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली पायची थाळी टेबलावर ठेवली आणि घरी येऊन ओरिनला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, मला अजून ठरवता येत नाही.

तो कोटाच्या खिशात एक रंधा घालून माझ्याबरोबर आला. पेटीसमोर गुडघे टेकले, झाकण उघडलं. आत पांघरुणं. खण नव्हतेच.

"ते आम्ही काढून टाकले," बाई म्हणाल्या. "पांघरुणं मावेनात."

"कुठे आहेत?"

"शेकोटीत गेले की. सुकं लाकूड, छान पेटलं."

ओरिनने खिशातला हात बाहेर काढलाच नाही. मग ज्या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, तो म्हणाला, "पेटी मला द्याल? काय म्हणाल ते देतो."

"अहो, ती खोलीला इतकी शोभते! तुम्हाला अशीच दुसरी शोधून देऊ का?"

अशीच दुसरी. मी ओरिनला दंडाला धरून बाहेर काढलं, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही. गाडीत त्याने खिशातला रंधा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "काही झालं तरी तो रंग त्यांनी उतरवायला नको होता."

मी गाडी कडेला घेतली आणि त्याच्या कानाखाली आवाज काढला. बाईची काय चूक? तिला कुठे माहीत होतं? आठ महिने पेटी घरात होती आणि तीन पावलं या माणसाकडून चालवली नाहीत.

तीन दिवस तो शेडमधून जेवायलासुद्धा आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ठोकल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर बाकावर एकतीस रंधे ओळीने मांडलेले, आणि हा एबेनच्या नावाखाली स्वतःचा ठसा ठोकतोय. चाळीस वर्षांत त्याने त्यांवर साधी फुंकर मारली नव्हती.

"तुझ्या त्या मंडळींना कळलं तर वाळीत टाकतील."

"टाकू दे. नवी पेटी करतोय. खोबण्यांची मापं या रंध्यांवरूनच घेईन. पण मग यांना मालक पाहिजे."

तीस झाले. एकतिसावा, पेटी देऊन आणलेला, त्याने माझ्याकडे सरकवला. शेजारी सुट्या अक्षरांचे ठसे ठेवलेले, त्यात पहिलं 'एल', माझ्या लव्हिना या नावाचं.

मी हजारो रंधे उलटे होताना पाहिलेत. एकावरही बाईचं नाव नव्हतं.

"चाळीस वर्षांनी सुचलं होय रे तुला?"

बाहीने त्याने रंध्याचं नाक पुसलं, मळ निघेपर्यंत पुसलं, आणि हातोडी माझ्या हातात दिली. मी पहिलं अक्षर धरलं आणि हाणली.

"फार जोरात मारलीस," ओरिन म्हणाला. "खोल गेलं."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि दुसरं अक्षर उचललं.