जपानी बनियान

माझे यजमान हजीऱ्याच्या वस्तीत भाड्याच्या जागेत बनियान विणून घेत. हाताने फिरवायची चार यंत्रं आणि चार विणकर, एवढाच पसारा. माल विकायचे माझे धाकटे दीर. नई सडकेवर त्यांचं दुकान होतं. दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या, पण धंदा एक.

मग बाजारात जपानी बनियान आली. मऊ, पांढरीशुभ्र, आणि आम्ही ज्या भावाने सूत घेत होतो, जवळजवळ त्याच भावात तयार! एके दिवशी दीर आमच्याकडे आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक दारातूनच 'जापानी दिखाओ' म्हणतं. तुझा माल मी कुठवर ठेवू?"

"अरे, ते त्यांच्या देशात विकतात त्याहून स्वस्त इथे ओततात. त्यांचं सरकार पाठीशी आहे. आमचे कारखाने बसले की मग हवा तो भाव लावतील."

"तोवर मी दुकान कसं चालवू?"

दुकानात जपानी माल लागला.

वर्षभरात जाऊबाईकडे शिलाईचं यंत्र आलं, ग्रामोफोन आला. हळदीकुंकवाला सगळ्या बायका तिच्याभोवती. मी अत्तरदाणी हातात घेऊन उभी. मी थोरली होते. माझ्या नवऱ्याने कष्ट करायचे आणि तिने परक्यांच्या मालावर मिरवायचं! घरी येऊन मी यजमानांवर उखडले, "तुम्हीही विका ना जपानी!" ते म्हणाले, "मला विणता येतं. विकता येत नाही." दोन यंत्रं तेव्हा बंदच होती.

शेवटी इंग्रज सरकारने परदेशी बनियानांवर जबर जकात बसवली. बातमी ऐकून मी देवाला साखर ठेवली. वाटलं, आता तिचं नाक खाली होईल. पण दीर आमच्याही पुढे धावले होते. गावात कारखाना काढणाऱ्याला आमच्या संस्थानचा दरबार जागा देणार, सुतावरची जकात माफ करणार, हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी अर्ज केला, आणि मंजुरीही त्यांनाच मिळाली. आमच्या यजमानांनी अर्ज केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई स्वतः आली. "ताई, हे म्हणतात, विणकामातलं मला ओ की ठो कळत नाही. कारखाना दादांनी सांभाळावा. निम्मी भागीदारी."

मी म्हणाले, "आमचं आम्ही बघू."

आतून यजमान बाहेर आले. "माझे चारही विणकर घेणार असाल तर येतो," ते म्हणाले.

"सगळ्यांना घ्या," ती लगेच म्हणाली. विचारायलाही परत गेली नाही. नवऱ्याच्या वतीने शब्द द्यायची ही तिची ऐट मला फार लागली.

कारखाना चांगला चालला. यजमान पुन्हा जेवताना बोलू लागले. नवी यंत्रं, नवी वीण, आग्र्याहून आलेली मागणी. मी वाढत होते, ऐकत होते. त्यांना इतकं खुशीत मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. हे सुख मी त्यांना देऊ शकले नाही आणि तिने एका वाक्यात दिलं, हे मात्र मला कधीच सोसलं नाही.