उरलेल्या जागेतल्या ओळी

खिळेकाकांचं खरं नाव छापखान्यात कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून पान उभं करायचे, म्हणून खिळेकाका. थोरल्या संपादकांनी गावात साप्ताहिक काढलं तेव्हा काकांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे थोरले गेले, त्यांचा मुलगा खुर्चीत बसला, तोही म्हातारा झाला, पण अंक काही चुकला नाही. नळाला पाणी कधी येणार, शाळेत कोण पहिलं आलं, कुणाची शेळी हरवली, सगळं त्यात यायचं. आणि लग्न किंवा मृत्यू कुणाच्याही घरचा असो, त्याच आठवड्यात छापायचा, हा थोरल्यांचा नियम होता.

काकांनी तो एकदाच मोडला, आणि तोही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

बायको लवकर गेलेली. पोरगी छापखान्यातच वाढली. खिळ्यांच्या रिकाम्या खणात बाहुली झोपवायची. मोठी झाली आणि बापाला न विचारता लग्न ठरवून आली. बातमीचा कागद तिने स्वतः आणून पुढे ठेवला. संपादक नेमके परगावी. काका मान वर न करता म्हणाले, "खिळे कमी पडलेत."

अहो, खिळ्यांत वाढलेली पोर ती! तिला का कळलं नसेल? कागद तिथेच सोडून ती गेली, ती गेलीच.

मग घर खायला उठलं. एकट्यापुरतं रांधणं काकांना कधी जमलंच नाही. दोघांचं व्हायचं, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी गिळायचं. चूक आपली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, पण तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आता पान बांधताना रकान्याच्या तळाशी थोडी जागा उरतेच. ती भरायला सुविचार, हवापाणी असलं काहीबाही घालतात. काका तिथे आपलं घर छापायला लागले. 'पेरूला यंदा चांगला बहर.' 'मागच्या दाराची कडी बदलली.' गावाला वाटायचं, म्हातारा चळला. संपादक मात्र गालातल्या गालात हसून सोडून द्यायचे. दर आठवड्याला एक अंक काका स्वतःच्या हाताने पोरीचा पत्ता घालून टपालात टाकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तिकडून कधी चकार शब्द आला नाही.

एक दिवस संपादक म्हणाले, पुढचा अंक शेवटचा. माझे डोळे अधू झाले, मशीन थकलं, मुलांना यात रस नाही. काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. कामाचं त्यांना एवढं वाटलं नाही. पोरीपर्यंत जाणारी एकुलती एक वाट बंद होणार होती. त्यात गावाने निरोपाचे मजकूर एवढे पाठवले, की जागा उरायचं नावच नको. जन्मात काही न मागितलेला माणूस संपादकांपुढे जाऊन उभा राहिला.

"मला तीन ओळी हव्यात."

संपादकांनी कारण विचारलं नाही. आपल्या अग्रलेखाचं शेपूट छाटून टाकलं. इतकी वर्षं पेरू नि कडीच्या आडून जे चाललं होतं, ते काकांनी या वेळी सरळ जुळवलं.

पान मशीनवर चढवणार, तेवढ्यात घड्याळवाल्याची बायको दारात आली. नवरा सकाळी गेला होता. ती रडत नव्हती. एवढंच विचारत होती, सगळ्यांचं येतं तसं यांचंही येईल ना?

संपादक म्हणाले, माझंच आणखी काढा. पण अग्रलेखात आता नमस्काराखेरीज काढण्यासारखं राहिलं काय होतं? बाकी मजकूर लोकांचा, शब्द दिलेला. काकांनी त्या बाईकडे पाहिलं. खिळे कमी पडलेत, असं पुन्हा कुणाला सांगणं त्यांच्याने होणार नव्हतं. त्यांनी आपल्या तीन ओळी उचलल्या, दोऱ्याने बांधून खिडकीत ठेवल्या, आणि त्या जागी घड्याळवाल्याला बसवलं.

अंक गेला. कुणी सांगितलं नव्हतं तरी काका रोज येत, जुने खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकत बसत. खिडकीतल्या ओळींना तेवढा हात लागत नव्हता.

असंच एका दुपारी फोन वाजला. संपादकांनी उचलला, ऐकला, आणि काकांच्या हातात दिला.

"बाबा," पलीकडून आवाज आला. "या वेळी घरचं काहीच आलं नाही. मी सगळी पानं पुन्हा पाहिली. बरे आहात ना?"

बरा आहे, एवढं काका कसेबसे म्हणाले. जीभ याही वेळी दगा देणार, असं दिसायला लागलं. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. संपादकांनी ती दोऱ्याने बांधलेली चवड आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, पण काकांना तीच वाचायची सवय. बोट फिरवत ते हळूहळू वाचू लागले.

"खिळे कमी पडले नव्हते. मी खोटं बोललो. पोरी, घरी ये."

पलीकडे अंकाची पानं मिटल्याची सळसळ ऐकू आली.

"पुन्हा वाचा, बाबा," ती म्हणाली.