उपाशी पोटांची राखण

भाऊ माझा सख्खा आहे, तरी सांगते, त्यानं वहिनीचा केसानं गळा कापला.

वहिनी औषधांच्या चाचणीच्या वॉर्डात मदतनीस होती. धडधाकट स्वयंसेवकांना गोळी घेण्याआधी उपाशी ठेवायचं, हे तिचं काम. कुणी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला तरी हिच्या नजरेतून सुटायचा नाही. सगळे तिला जेलरबाई म्हणायचे. म्हणेनात का, ती म्हणायची.

हट्ट उगाच नव्हता. तिची एकुलती पोर मलेरियानं गेली. तिला दिलेलं औषध तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतलं तरच अंगी लागायचं, आणि त्या तापात पोरीच्या पोटात दुधाचा घोटही ठरत नव्हता. या वॉर्डात तेच औषध पॉलिमरच्या अगदी बारीक कणांत भरून देत होते. रिकाम्या पोटीही ते रक्तात उतरावं म्हणून. उतरतं की नाही, एवढंच बघायचं होतं. वहिनीचा सगळा जीव त्या उत्तरात अडकला होता.

माझ्या भावाला तिथं पाणी द्यायच्या कामावर तिनंच चिकटवलं. "माझ्या शब्दावर घ्या," असं वॉर्डाच्या डॉक्टरबाईंना सांगून!

रक्ताचे निकाल आले. औषध भरभरून उतरलेलं! डॉक्टरबाईंनी वहिनीला मिठीच मारली. वहिनी हसत हसत चादरी बदलायला गेली, तर एका गादीखाली लोण्याच्या वड्यांचे कागद. चांगला गठ्ठाच.

"हे काय?" तिनं खाटेवरच्या माणसाला विचारलं.

"तुमच्या ह्यांनीच दिलं की! तुमची पाठ वळली की गोळीआधी सगळ्यांना लोणी-पाव. देवमाणूस हो!"

देवमाणूस म्हणे! चार लोकांनी पाठ थोपटली की आमच्या दादाला आकाश ठेंगणं होतं. अरे, पण तुझीच पोर ना ती? माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला.

घरी वहिनीनं माझ्यासमोरच विचारलं, "अहो, असं का केलंत?"

"भुकेली माणसं बघवेनात गं. दोन घासांनी काय आभाळ कोसळलं? निकाल चांगलाच आला ना?"

"कणांमुळे आला की लोण्यामुळे, ते आता कसं कळणार?"

"तू गप्प बसलीस तर कोण विचारतंय?"

 वहिनी चपला घालून थेट वॉर्डात गेली.

चाचणी रद्द झाली. दोघांचंही काम गेलं. ती परत आली तेव्हा दादा उसळला, "नवऱ्याचं नाव सांगायला जीभ कशी रेटली तुझी?"

"कुठं रेटली?" वहिनी म्हणाली. "बाईंनी विचारलं तेव्हा आवाजच फुटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मला पोर दिसली, आणि सांगून टाकलं."