माणूस खाल्लेली मशीन

अजिनाथचा हात आधी उठायचा, तोंड नंतर उघडायचं. शाळेत त्याने मास्तरांवर डस्टर भिरकावलं आणि शाळा संपली. पुण्यात फर्निचरच्या कारखान्यात सहा वर्षं काढली, हातात चांगलं कसब आलं, पण एका दुपारी मुकादमाचे दोन दात पाडले आणि पाथर्डीची एसटी धरून तो गावी परतला. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायकोच्या कानशिलात अशी दिली की तिच्या कानातून रक्त आलं. ती माहेरी गेली ती परत आली नाही.

घरात उरले चौघं. अजिनाथ, आई कडूबाई, नऊ वर्षांनी धाकटा भाऊ करण आणि त्याची बायको ज्योती. करण पाथर्डीतल्या एका लाकडाच्या वखारीत कटरवर होता. लोखंडी टेबल, मधोमध फिरणारं गोल पातं, लाकूड त्याच्यावर सरकवायचं, असं ते काम.

मार्चमधल्या एका सकाळी करण आंघोळ करून ओट्यावर बसला आणि उठेना.

"दादा, म्या आज जात न्हाई. मशीन लई उडतीय. काल फळी मागं फेकली तिनं. बरगडीला चाटून गेली."

अजिनाथ मोटरसायकल पुसत होता. "ज्योती, ह्याचा डबा भर."

"दादा, खरं सांगतो, शेटला दोनदा बोललो. त्यो म्हनतो, काम कर न्हाईतर..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. पहिल्या थपडेत करण भिंतीवर आदळला. दुसरीत ओठ फुटला. "आळशी भडव्या, घरात बसून बायकोचं तोंड बघायचंय व्हय रं!" अजिनाथने त्याला कॉलर धरून उठवलं, गाडीवर बसवलं आणि वखारीच्या फाटकापर्यंत स्वतः नेऊन सोडलं. करणने बाहीने ओठ पुसला आणि मागे न बघता आत गेला.

अकराच्या सुमारास फोन आला. बाभळीच्या ओल्या फळीची चीर चिरता चिरता पुन्हा मिटली, फळीने पात्याला धरलं आणि पात्याने तिला उलटी भिरकावली. फळीचं टोक करणच्या बेंबीच्या वर बसलं. वरून नुसता लाल वळ दिसत होता. जीपमध्ये घालून नगरला नेताना त्याचं पोट दगडासारखं कडक होत गेलं. करंजी घाटात त्याने अजिनाथच्या मांडीवर दोनदा पाय झाडले आणि संपला.

वखारीचा मालक मच्छिंद्र मातीला आला होता. जमलेल्या लोकांसमोर म्हणाला, "पोरगं पिऊन आलं हुतं. तोंडाला वास मारत हुता. म्या काय करनार?"

अजिनाथने ते ऐकलं. करण दारूला शिवतही नव्हता, आणि त्या सकाळी तो त्याच्याच पाठीला टेकून वखारीपर्यंत गेला होता. पण पुढे कोणी विचारलं की अजिनाथही तेच सांगू लागला, "पिऊन हुता." तसं म्हटलं की त्याला रात्री झोप लागायची. एकदा ज्योती मध्येच बोलली, "ते पीत नव्हते, भाऊजी." त्याने चुलीपाशी पडलेला ढलपा उचलला. कडूबाई मध्ये आडवी झाली म्हणून तो ज्योतीला लागला नाही, म्हातारीच्या मनगटाला लागला.

दोन वर्षांनी वखार बंद पडली. मच्छिंद्रने मशिनी विकायला काढल्याचं कळताच अजिनाथ टेम्पो घेऊन गेला आणि ते कटर भंगाराच्या भावात उचलून आणलं. मच्छिंद्र तेव्हा वखारीत नव्हता, त्याच्या माणसाने गिऱ्हाईक कोण हे पाहिलंही नाही.

टेम्पो दारात लागला तशी ज्योती बाहेर आली. ती मशीन तिने याआधी कधी पाहिली नव्हती, पण ओळखली.

"ही घरात आनली?"

"मोडायला आनलीय."

चौघा माणसांनी ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरवली. माणसं गेल्यावर अजिनाथने घण घेतला. पहिल्या घावाला पातं वाकलं. दुसऱ्याला मोटरचं झाकण पिचलं. ओतीव बिडाचं टेबल मात्र नुसतं घंटेसारखं वाजत राहिलं. तो शिव्या देत, थुंकत, घाव घालत सुटला. शेवटी कोपऱ्याचा टवका उडाला आणि त्याच्याच भुवईत घुसला. डोळ्यात रक्त उतरलं तरी तो थांबला नाही. पहारीने त्याने मशीन आडवी पाडली, खालून फोडायला.

आणि तिथे त्याला दिसलं. अशा मशीनला पात्याच्या मागे एक उभी लोखंडी पट्टी असते. चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून पात्याला पकडू नये म्हणून ती दोन्ही फाकी वेगळ्या ठेवते. पुण्याच्या कारखान्यात त्याने ती रोज पाहिली होती. इथे तिचं फक्त बोटभर खुंट उरलं होतं, ग्राइंडरने सपाट कापलेलं. पट्टीच्या मापाबाहेरचं मोठं पातं बसवायला कोणीतरी ती उडवली होती. त्याने शाफ्ट हाताने हलवून पाहिला. तो बेअरिंगमध्ये खिळखिळा हलत होता.

करणने जे सांगितलं होतं ते सगळं तिथे होतं.

रक्त न पुसताच तो घणाचा दांडा घेऊन पाथर्डीला गेला. मच्छिंद्र अंगणात जेवायला बसला होता. पहिला फटका ताटावर बसला, दुसरा खांद्यावर. तिसरा अडवायला मच्छिंद्रने हात वर केला आणि कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज झाला. त्याची सून किंचाळत होती. अजिनाथने त्याच्या छातीवर गुडघा रोवला.

"पट्टी कोनी कापली?"

"म्या! म्याच कापली!" मच्छिंद्रच्या तोंडातून भात आणि रक्त एकत्र येत होतं. "तुझा भाऊ रोज बोंबलायचा, मशीन उडती म्हनून. तुला न्हाई सांगितलं त्यानं? सांगितलं ना? मग फुटक्या तोंडानं त्याला माझ्या दारात आनून कोन सोडलं रं?"

अजिनाथचा दांडा वरच्या वर राहिला. शेजारी धावत आले, त्यांनी त्याला खाली पाडलं, लाथा घातल्या, एकाने दगडाने बोटं ठेचली. तो हलला नाही. पोलीस येईपर्यंत ते मारत होते.

बारा दिवसांनी जामीन झाला. घरी आल्यावर त्याने ज्योतीला शेडमध्ये बोलावलं, ते खुंट दाखवलं आणि त्या सकाळी करणने काय सांगितलं होतं, शब्दन् शब्द, सांगितलं.

"म्या आतून ऐकलं हुतं," ज्योती म्हणाली. "ते पीत नव्हते हेबी मला ठावं हुतं आन् तुमालाबी. दोन वर्सं माझ्या नवऱ्याला गावभर दारुड्या म्हनत फिरलास तू!"

तिच्या पायाशी बाभळीचा दांडका होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पाठीवर, खांद्यावर, ठेचलेल्या हातावर हाणला. अजिनाथ खाली बसला, मग आडवा झाला. दम संपेपर्यंत ती मारत राहिली. कडूबाई दारातून पाहत होती. या वेळी ती मध्ये आली नाही.

तिसऱ्या दिवशी ज्योतीच म्हणाली, "ही मशीन दुरुस्त हुती का?"

"हुती."

"मग करा. आन् मला चालवायला शिकवा. खुरपायला जाऊन पोट भरत न्हाई हितं."

कामाला अडीच महिने लागले. वाकडी बोटं घेऊन त्याने टेबलचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने घासून काढला. मोटर नव्या तारेने भरून आणली. नगरहून मापाचं नवीन पातं आणि बेअरिंग आणलं, शाफ्ट लेथवाल्याकडून सरळ करून घेतला. कापलेलं खुंट काढून जपून ठेवलं. नवीन पट्टी बनवताना त्याने चार वेळा माप घेतलं, तीन पट्ट्या फेकून दिल्या. फुटलेला कोपरा फुटलेलाच राहिला. मशीन पहिल्यांदा सुरू केली तेव्हा त्याने टेबलावर एक नाणं उभं केलं. पातं घोंगावत होतं, नाणं पडलं नाही.

ज्योतीने फळी हातात घेतली आणि नेमकी पात्याच्या समोर उभी राहिली. अजिनाथ ओरडला, तिला हिसडण्यासाठी पुढे झाला, आणि मध्येच थांबला. मशीन बंद केली.

"तिथं न्हाई. बाजूला. फळी उडली तर तिची वाट मोकळी पायजे."

ती बाजूला सरकली. तिने फळी लावली. बाभळीचा वास आणि भुसा तोंडावर उडाला, पातं किंचाळलं, फळी दुभंगली आणि दोन फाकी पट्टीच्या दोन्ही बाजूंनी शांतपणे पलीकडे गेल्या. ज्योतीने दुसरी फळी मागितली.

वर्षभरात पंचक्रोशीतली बाजा, चौकटी, दारं त्या शेडमध्ये बनू लागली. बाई कटर चालवते म्हणून लोक बघायला यायचे. एकजण हसत म्हणाला, "बाई, बोटं जपा, भाकरी कोन थापनार?" ज्योतीने त्याची चौकट अर्धी सोडली आणि उचलून न्यायला सांगितली.

मग मच्छिंद्रने माणूस पाठवला. अजिनाथवरची तक्रार मागे घेतो, त्या बदल्यात कापलेलं खुंट त्याला द्यायचं आणि करणच्या मृत्यूचा विषय बंद करायचा. अजिनाथने ज्योतीकडे पाहिलं.

"न्हाई द्यायचं," ती म्हणाली. "तुमी आत जाल."

"जाईन."

ज्योतीने ते खुंट वकिलाकडे दिलं. मच्छिंद्रवरचा खटला अजून चालू आहे. अजिनाथला मात्र वर्षाची शिक्षा झाली. त्याने ती भोगली, आणि तुरुंगात एकाने आईवरून शिवी दिली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. सुटून आला त्या दुपारी शेडमध्ये ज्योती एका शाळेची बाकं बनवत होती. मशीन चालू होती, त्यामुळे तिने मान वर केली नाही. काप पूर्ण झाल्यावर तिने बटण बंद केलं, कपाळावरचा भुसा झटकला आणि पलीकडच्या लांब फळीकडे बोट दाखवलं.

"एकटीला उचलत न्हाई ती," ती म्हणाली. "दुसरं टोक धरा."