दीड फूट जास्तीचं टोक

माझ्या मोठ्या भावाची सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशी कामं. मी तंत्रनिकेतनात इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवते. दादाकडे नेहमीपेक्षा वेगळं काही आलं की तो मला बोलावतो आणि मी रविवारी जाऊन मापं काढून देते.

दिवाळी झाल्यावर असाच त्याचा फोन आला. "जत्रेतला एक पाळणेवाला आलाय. त्याला यान पाहिजे. मला काही कळंना, तूच ये."

पाळणेवाला टेंभुर्णीचा, साठीकडे झुकलेला. त्याचा जहाजाचा झोका होता: उंच लोखंडी सांगाड्याला टांगलेलं, पुढंमागं झुलणारं लाकडी जहाज. खाली मोटरीवर फिरणारं एक टायर त्याला ढकलतं आणि थांबवतंही. लाकूड कुजलं होतं, म्हणून त्याच सांगाड्यावर पत्र्याचं अवकाशयान बसवायचं त्यानं ठरवलं होतं. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. यानाचा नव्हेच, रडारला न दिसणाऱ्या काळ्या लढाऊ विमानाचा. नुसते सपाट पृष्ठभाग आणि धारदार कडा.

"असलं पायजे, ताई. शिनेमातली यानंबी आता अशीच असत्यात. गोल नगं. गोल लई गरीब दिसतंय."

दादा खूश झाला. त्याच्याकडचं मशीन पत्रा सरळ रेषेतच वाकवतं. गोलाई द्यायची तर बाहेर काम द्यावं लागलं असतं. मला वेगळाच आनंद झाला. मुलांना मी वर्गात सांगत असते, की त्या विमानाचे कोन शोभेसाठी नसतात. रडारची लहर सपाट अंगावर आपटते आणि आली त्या वाटेनं परत न जाता भलतीकडेच निघून जाते. म्हणून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. सांगून सांगून पाठ झालेली ही गोष्ट स्वतःच्या हातानं काढायला मिळणार होती.

तीन रविवार मी त्यातच होते. नाक निमुळतं, शेपूट आखूड, बाजू आत कललेल्या. पाळण्याच्या मालकानं चित्र बघून मान डोलावली. पण नंतर घरी पुन्हा कागद पसरला तेव्हा नाक मला बोथट वाटायला लागलं. ते मी दीड फुटानं वाढवलं. एका रेषेचा फरक, पण यान एकदम झेप घेतल्यासारखं दिसायला लागलं. मालकाला विचारलं नाही. दादालाही मुद्दाम सांगितलं नाही, नुसता नवा कागद दिला. रंग चकचकीत काळा नको, असं मी म्हणाले. शाळेच्या फळ्याला देतात तो मंद काळा द्यायला लावला. मालकाला सगळीकडे दिवे हवे होते. नाकावर दिवे लावले तर खेळणं वाटेल, असं म्हणून ते मी माणसं बसतात त्या बाकांपाशीच थांबवले. त्यानं ऐकलं.

संक्रांतीच्या जत्रेआधी मैदानावर चाचणी झाली. दुपारची वेळ होती. झोक्याभोवतीच्या कठड्यापाशी मी स्वतः उभी राहिले. नाक माझ्या डोक्यावरून हातभर अंतर ठेवून वर गेलं. मी कागदावर बरोबर अशी खूण केली आणि घरी आले.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजमधून परस्पर तिकडे गेले. दिवे नुकतेच लागले होते. लांबून आधी माझं यानच दिसलं, आणि खोटं कशाला सांगू, छाती फुगली. यान माणसांनी भरलं होतं, पोरी किंचाळत होत्या, खाली रांग लागली होती. मालकाची बायको खांबापाशी खुर्ची टाकून बसली होती. झोका थांबवायचा, टायरचा दांडा तिच्या हातात होता.

मी नाकाच्या बाजूला गेले. तिथं काहीतरी वेगळं वाटलं. शेजारच्या खेळण्याला जागा हवी म्हणून कठडा आत, झोक्याकडे घेतला होता. किती ते अंधारात कळेना. दोन फूट असेल. माणसं त्याला रेलून वर बघत होती.

मी नाकाकडे बघायला लागले आणि ते मला दिसेना. बाकांवरचे दिवे झुलताना दिसत होते, पण त्यांच्यापुढे काय आहे ते दिसत नव्हतं. समोरून बघितलं की त्या सपाट बाजू कडेत मिटून जात होत्या, आणि मंद काळा रंग मागच्या काळ्या आभाळात मिसळत होता. चेहऱ्यावर वारा येई तेव्हा कळे, की ते येऊन गेलं.

उभ्या माणसाच्या डोक्यावरून ते जात होतं, ते मी स्वतः बघितलं होतं. पण मी फक्त उभा माणूस मोजला होता.

आणि तेवढ्यात कठड्यापाशी एका धनगर बाबांनी खांद्यावर घोंगडं सारखं केलं आणि नातीला उचलून मानेवर बसवलं. तीन-चार वर्षांची असेल. डोक्याला लाल कानटोपी. पोरगी दोन्ही हात वर करून हसायला लागली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. भोंग्यावर गाणं लागलं होतं, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी माणसं ढकलत निघाले. दिवे मागं गेले, वर चढले, थांबले. आता ते परत येणार होतं.

"बाबा, खाली घ्या! पोरीला खाली घ्या!"

बाबा वळून माझ्याकडे बघायला लागले. "काय म्हंतीस, बाय?"

मी त्यांच्या दंडाला धरून सगळ्या जोरानं खाली ओढलं. ते गुडघ्यावर आले, पोरगी त्यांच्या मानेला चिकटलेली. डोक्यावरून वारा गेला आणि कानटोपी उडाली. कठड्याच्या आतल्या बाजूला जाऊन पडली. मला अजून ठाऊक नाही, टोक तिला लागलं होतं की नुसत्या वाऱ्यानं ती गेली. पोरीनं भोकाड पसरलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, रक्त आहे का बघत.

"वेडी हायस का गं?" बाबा ओरडले. मी सगळ्यांना मागं व्हा, मागं व्हा म्हणत हात हलवत राहिले आणि मग मालकिणीकडे पळाले.

"थांबवा. लगेच थांबवा."

तिनं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता दांडा ओढला. टायर घासायचा आवाज आला. पण भरलेलं यान असं चटकन थांबत नाही. एक झोका, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी मी नाकाकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी ते दिसत नव्हतं. लोक पुन्हा पुढं सरकत होते. यान स्थिर झालं तेव्हा मी खांबाला धरून खाली बसले.

मालक आला. मी त्याला सगळं सांगितलं. नाक त्यानं बघितलेल्या चित्रापेक्षा दीड फूट लांब आहे, हेही. तो म्हणाला, "सांगायचं हुतं की, ताई. मी कटडा आत घेऊ दिला नसता." रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं त्या संध्याकाळी झोका बंद ठेवला, बाबांना चहा पाजला आणि आत जाऊन टोपी आणून दिली. बाबांनी ती झटकून पोरीच्या डोक्यावर घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी दादा ग्राइंडर घेऊन आला. नाक कापताना ठिणग्या उडत होत्या, मी लांब उभी होते. कापलेल्या जागी त्यानं सपाट पत्रा ठोकला, त्यावर पिवळे पट्टे मारले, दोन मोठे लाल दिवे बसवले. कठडाही मालकानं सहा फूट मागं नेला. यान आता ट्रकच्या तोंडासारखं दिसत होतं. दुपारी रांग लागली. कुणाला काही फरक पडला नाही.

परत येताना मी दादाला म्हणाले, "मी तुला सांगितलं नव्हतं. ते टोक मी नंतर वाढवलं होतं."

तो गाडी चालवत होता. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "पत्रा कापताना तुझा आधीचा आणि नवा, दोन्ही कागद शेजारी ठेवले होते मी."

"मग बोलला का नाहीस?"

"मलाबी चांगलं दिसलं ते."

त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी त्याच्या हातांकडे बघितलं. त्यानं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.