झाकलेलं ताट

हावड्याची गाडी नगरच्या फलाटाला लागली तेव्हा मावशीनं पदराला डोळे पुसत विचारलं, "कलकत्त्याला आपलं कोण आहे गं?" माझ्या कडेवर लेक होती, पायाशी बोचकी होती, आणि नवरा, सुधीर, आपला डबा शोधत पुढे धावत होता. बँकेनं त्याची बदली केली होती, तिथं आपलं कोणी आहे की नाही हे विचारून नव्हे. मी म्हणाले, "कोणी नाही." आई मध्येच बोलली, "असंल की. गेल्यावर कळंल." मग ज्वारीच्या पिठाची पिशवी माझ्या हातात कोंबत म्हणाली, "आधी शेजार बघ. मग चर्च शोध."

पाळकसाहेबांना हे ऐकू गेलं असतं तर त्यांनी भुवया नक्की उंचावल्या असत्या. मावशे, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं, ते आज लिहिते. आपल्यातले जे कोणी माझ्यासारखे दुबई-बंगळुरूला पांगले, त्यांनीही वाचावं.

आपल्या गावात कुणाकडे मरण झालं की त्या घरची चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजारून जाते. आई हे ताट प्रत्येक घरी न्यायची, बोलावलं असो वा नसो. काही घरं घ्यायची. काही घरांतून "राहू द्या बाई, झालंय आमचं" असं यायचं, कारण आपण ख्रिस्ती होतो आणि त्याआधी जे होतो तेही गाव विसरलं नव्हतं. फडकं झाकलेलं ताट तसंच्या तसं घेऊन परतणारी आई मी पाहिली आहे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती मात्र तीच भाकरी आम्हाला वाढायची आणि म्हणायची, "आपण करायचं. घ्यायचं का नाही ते त्यांनी बघावं." पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात उभी. बायबलातली वचनं तिला फारशी पाठ नव्हती. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे तिच्या लेखी पिठल्याचं पातेलं.

कलकत्त्यात बालीगंजला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. इमारतीत सगळे बंगाली, आणि तळमजल्यावर नेमके जोगळेकर! काका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. दोघांचाही जन्म इथलाच, मुलगा कॅनडात. काकू मासळीवाल्याशी बंगालीत अशा भांडायच्या की तो हसत सुटायचा. मासळी त्यांच्या घरात शिजत नव्हती हा भाग वेगळा, मांजरासाठी लागायची. मराठी बोलताना मात्र त्या एकेक शब्द पेटीतल्या शालूसारखा जपून काढायच्या. माझ्या लेकीनं "आई, मला पाणी खायचंय" असं बंगाली थाटात म्हटलं की सगळ्यात आधी त्याच तिचं बोलणं सुधारायच्या.

पण काकूंचं सोवळं कडक. नाताळात मी करंज्या-चकल्यांचं ताट पाठवायचे. त्या प्रेमानं घ्यायच्या, रिकामं ताट कधी परत करायच्या नाहीत, साखर नाहीतर केळी ठेवून द्यायच्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे काम करणारी मालतीदी मला जिन्यात गाठून सांगायची, "बौदी," म्हणजे वहिनी, "करंज्या फार छान झाल्या होत्या!" काय ते मी समजले. राग आला नाही म्हणणं खोटं होईल. पण माझी करंजी खुसखुशीत होते हे निदान कोणाला तरी कळलं, असं म्हणून मी हसून सोडून दिलं.

मग एका सकाळी काका गेले. चहा पिता पिता.

बंगाली शेजार काय असतो तो त्या दिवशी पाहिला. वरच्या सेनबाबूंनी डॉक्टरांपासून गाडीपर्यंत सगळं उचललं. पाड्यातली, म्हणजे आमच्या गल्लीतली, पोरं रजनीगंधाचे हार घेऊन आली. मुलगा पोचायला वेळ लागणार होता, त्यानं फोनवरून सांगितलं, थांबू नका. दुपारी सगळे स्मशानातून परतले आणि काकूंपुढच्या टेबलावर फळं आणि संदेश मिठाईचे डबे जमायला लागले. इकडची रीतच ती. मरणाच्या घरीही मिष्टी आणतात, मायेनं आणतात. काकू सगळ्यांना बंगालीत धन्यवाद देत होत्या. माझा हात धरून मात्र हळूच म्हणाल्या, "जन्म इथं गेला गं माझा. पण आजच्या दिवशी गोड तोंडात जात नाही."

मी वर आले. आईनं पार्सलनं पाठवलेलं ज्वारीचं पीठ डब्याच्या तळाला होतं. या अख्ख्या इमारतीत आज त्या घरी काय जायला हवं हे फक्त मला ठाऊक होतं, आणि माझ्याच हातचा कण त्या बाईनं आजवर खाल्ला नव्हता. सुधीर म्हणाला, "नाही म्हणाल्या तर? आजच्या दिवशी त्यांनाही अवघड, तुलाही." खरं होतं. तरी मी भाकरी थापायला घेतली. आईला गावातल्या दारांशी कसं वाटत असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती इतकी वर्षं ताठ मानेनं कशी परतायची, देव जाणे.

फडकं झाकून ताट खाली नेलं. काकूंनी फडकं उचललं. पिठलं, भाकरी.

"सासूबाई गेल्या तेव्हा शेवटचं आलं होतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या गल्लीत तेव्हा एक मराठी घर होतं. मला वाटलं, आता हे कोणी करणार नाही."

मी म्हणाले, "काकू, तुमची अडचण होत असेल तर राहू द्या. मी परत नेते."

"बस इथं," त्या म्हणाल्या. भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबल्या. "तुमच्यात जेवायच्या आधी काही म्हणता ना? आज तू म्हण. मला माझं काही आठवत नाहीये."

मी आईचंच म्हटलं. "देवा, अन्न दिलंस, शेजार दिलास, उपकार तुझे." काकूंनी तुकडा तोंडात घातला, आणि सकाळपासून कोरडे राहिलेले त्यांचे डोळे वाहायला लागले.

फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मीठ बरोबर पडलं होतं ना?" मग नाक ओढून म्हणाली, "खाल्लं का पण त्यांनी? सगळं?" मी म्हणाले, "सगळं." गर्व करू नये असं पाळकसाहेब सांगायचे. मला माझ्या आईचा गर्व आहे. तेवढं देवानं पोटात घालावं.

पुढे सुधीरला बदली घेऊन पुण्याला जाता आलं असतं. आम्ही घेतली नाही. लेक म्हणाली, तळमजल्यावरच्या आजीला सोडून कसं जायचं. मला तेवढं कारण पुरलं.

यंदा उन्हाळ्यात आई गेली ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी भावाचा फोन आला, विमान संध्याकाळचं. मी गॅस पेटवला नव्हता, पेटवायचं भानही नव्हतं. दुपारी बेल वाजली. दारात काकू. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडकं झाकलेलं ताट. मागे मालतीदी होती, पण ताट काकूंनी तिला धरू दिलं नव्हतं. ज्वारी कुठून आणणार. त्यांनी तांदळाची भाकरी केली होती, काठ चिरलेली.

त्या आत येईनात. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून, शाळेत चुकलेल्या मुलीसारख्या, मला विचारलं, "तुमच्यात चालतं ना गं?"

मावशे, कलकत्त्याला आपलं कोण आहे असं तू विचारलं होतंस. मी ताट घेतलं आणि काकूंना हाताला धरून आत आणलं.